दोन बोटं सैल

४ मे

छोट्या,

आशीर्वाद शेवटी देते, आधी भांडण. मागच्या पत्रात तू विचारलंस, "ताई, कशी आहेस?" हा काय प्रश्न झाला? कमरेखाली काही नाही, कमरेच्या वर सगळी मीच आहे. दुकानातल्या शिडीवरून पडले त्याला आता वर्ष होत आलं. वरच्या फळीवरचा अस्तराचा तागा काढायला चढले, तागा हातात आला आणि मी खाली आले. कणा मोडला, तागा शाबूत. त्याचं अस्तर पुढे कुणाच्या तरी कोटाला लागलंसुद्धा.

इस्पितळातून जी चाकाची खुर्ची दिली आहे तिला खुर्ची म्हणू नये, हौद म्हणावं. हातटेकण्या मशीनच्या टेबलाला आपटतात, म्हणून मी मशीनपासून हातभर लांब. चाकांपर्यंत माझे हात नीट पोचत नाहीत. म्हणजे ह्यांनी ढकललं तरच मी हलणार. हे सकाळी रंगाचे डबे घेऊन कामावर गेले की मला जिथे ठेवलं तिथे मी. खिडकीकडे तोंड असलं तर दिवसभर खिडकी, भिंतीकडे असलं तर दिवसभर भिंत. आणि भिंत ह्यांनीच रंगवलेली, त्यामुळे नावंही ठेवता येत नाहीत.

तू तिकडे रोज परक्या माणसांना खुर्च्या करून देतोस. सख्ख्या बहिणीला एक करून देशील की नाही? मला फिरायचं नाही. मला मशीनपर्यंत जायचं आहे. ह्यांनी मशीनला मोटर बसवून दिली, तिचं पायडल टेबलावर ठोकळ्यावर बसवलं, कोपराने दाबलं की चालतं. सगळं तयार आहे, फक्त मी तिथे पोचत नाही.

फोन करू नकोस. मी अर्धा तास ओरडते आणि तू नुसतं "हो हो" म्हणतोस. ग्राइंडरने तुझे कान खाल्ले, टर्पेंटाइनने ह्यांचं नाक खाल्लं, आणि मला खाली काही लागत नाही. तिघांत मिळून एक धड माणूस निघेल. तेव्हा पत्रच लिही.

आशीर्वाद आहेतच.

ताई

१५ मे

ताई,

भांडण पोचलं. खुर्ची करतो. खरं तर तू मागायची वाट बघत होतो.

पण आमच्या शेडमध्ये एक कडक नियम आहे. माणूस समोर बसल्याशिवाय खुर्चीची नळी कापायची नाही. आमच्या थेरपिस्ट बाई प्रत्येकाला मापाच्या बाकावर बसवतात, पुढून मागून बघतात, मग कागद माझ्याकडे येतो. तुला एवढ्या लांबून आडवं घालून आणायचं म्हणजे दाजींच्या नाकी नऊ येतील. मी यावं तर शेडमध्ये कामाचा डोंगर आहे, निघता येत नाही. म्हणून मी बाईंना सांगणार आहे की माप मी स्वतः जाऊन घेतलं. तू फक्त नीट माप पाठव. तुझ्याइतका टेपवर हात बसलेलं माणूस आमच्या शेडमध्येही नाही.

कडक खाटेवर पाय खाली सोडून बस. दाजींना सांग दोन फळ्या दोन्ही बाजूंना उभ्या धरायच्या, अंगाला टेकवून, दाबायच्या नाहीत. दोन फळ्यांमधलं अंतर म्हणजे बैठकीची रुंदी. मग बुडापासून गुडघ्यामागपर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, बसल्या जागेपासून कोपरापर्यंत.

आणि हे हसण्यावारी नेऊ नकोस. खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळाने दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचलायचं. रोज संध्याकाळी आरसा धरून मागचं बघायचं. आपल्याला खडा टोचला की आपण कूस बदलतो. तुला टोचणार नाही, म्हणून तू बदलणार नाहीस, आणि कातडी आतून सडत जाईल. मी अशी माणसं बघितली आहेत. पाय गेल्याने कुणी मेलं नाही ताई, त्या जखमेने मेली.

छोट्या

२४ मे

छोट्या,

सोबत मापाचा कागद आहे. काल हे दोन्ही फळ्या धरून असे उभे होते की जणू मी ओली भिंत आहे आणि बोट लागलं तर डाग पडेल. मी म्हटलं, जरा टेकवा, बायको आहे. तर म्हणाले, "मोडलीस तर तुझा भाऊ मला सोडणार नाही."

मापात खोट काढू नकोस. टेप गळ्यात घालून माझी हयात गेली, आजवर माझा एक कपडा परत आलेला नाही. जी गिऱ्हाईकं "इथे जरा उसवून द्या, तिथे जरा आवळून द्या" करत आली, त्यांना मी पुन्हा दुकानाची पायरी चढू दिली नाही. दिलेलं नीट घालावं, नाहीतर शिवायला टाकू नये.

आरशाचं वाचून हे हसले. या वयात बूड बघायला आरसा धरायचा! बरं, धरीन. तुझ्या बाईंशी खोटं बोललास ते मला आवडलं नाही, पण माझ्यासाठी बोललास म्हणून आवडलं.

लवकर कर रे. आता खिडकीसुद्धा पाठ झाली आहे.

ताई

३० जून

ताई,

खुर्ची काल मालगाडीने निघाली. आठवड्याभरात पोचेल.

हातटेकण्या मागे वळतात, म्हणजे तू थेट टेबलाखाली शिरशील. मोठी चाकं नेहमीपेक्षा पुढे घेतली आहेत, हात सरळ खाली टाकलास की चाक हातात येईल. बाजूंना पातळ पत्रे लावले आहेत, कपडा चाकात अडकू नये म्हणून. तू दिलेल्या रुंदीवर दोन्हीकडे बोटभर जागा जास्त धरली आहे. आमच्याकडे धरतातच, थंडीत जाड कपडे घातले तरी पत्रा मांडीला घासू नये. रंग दिलेला नाही. तो दाजींसाठी ठेवला आहे, नाहीतर त्यांना वाटेल मेव्हण्याने सगळं श्रेय लाटलं.

सांगू नये, पण सांगतो. माझ्या हातून झालेल्या सगळ्या खुर्च्यांत ही उजवी आहे. एकेक जोड दोनदा घासला. बाईंनीही हात फिरवून बघितलं. विचारलं, कुणाची? मी म्हणालो, माझ्या ताईची. त्या म्हणाल्या, "माप तू घेतलंस ना?" मी म्हणालो, हो.

आधी पाय जमिनीला लागत नाहीत ना ते बघ. आणि बसल्यावर कशी वाटते ते खरं खरं कळव.

छोट्या

१२ जुलै

माझ्या गुणी छोट्या,

बसले!

ह्यांनी मला उचलून आत ठेवलं आणि सवयीने मागे जाऊन ढकलायला उभे राहिले. मी म्हटलं, हात काढा. चाक फिरवलं आणि मी निघाले. घरातून दुकानात, दुकानातून परत घरात, पुन्हा दुकानात. मधला उंबरठा ह्यांनी तासून काढला होता. हे दारात उभे राहून बघत होते, मग तोंड फिरवून रंगाचा ब्रश धुवायला लागले. ब्रश स्वच्छच होता.

परवा मी एकटी पावाच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार पाव माझ्या हातात न देता आजूबाजूला बघत होता, मला कुणी आणलंय ते शोधत. मी म्हटलं, इकडे बघा, मीच आहे.

आणि मशीन! टेबलाखाली अशी शिरते की गुडघा आणि लाकूड ह्यांच्यात नखाएवढं अंतर. पहिली शिवण घातली तेव्हा रडू आलं, लपवत नाही. शाळेच्या गणवेशांचं काम घेतलं आहे, अख्ख्या शाळेचं. सहामाही परीक्षेच्या आत द्यायचे आहेत. हे म्हणाले झेपेल का, मी म्हटलं बघाच. ह्यांनी खुर्चीला हिरवा रंग दिलाय, शाळेच्या दारांचा उरलेला. मला हिरवा आवडत नाही, पण बोलले नाही.

खुर्ची कशी वाटते विचारतोस? मापात. अगदी अंगावर बेतल्यासारखी, टाचणी घालायला जागा नाही. आत थोडीशी माझीही कारागिरी केली आहे, पण ते आमच्या धंद्यातलं गुपित आहे, तुला नाही सांगणार.

तुझा हात बघायला आईबाबा हवे होते.

ताई

२५ जुलै

ताई,

तुझं पत्र शेडमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं, पावाचा भाग दोनदा. बाई हसल्या, मग म्हणाल्या, ताईला म्हणावं खुर्चीत बसलेला एक फोटो पाठव, समोरून, सरळ. त्यांना प्रत्येक खुर्ची बसलेल्या माणसासकट बघायची असते.

कारागिरी काय केलीस ते सांग की. खुर्चीत काही ठेवायचं, बांधायचं असेल तर आधी मला विचार. अंग उचलतेस ना? आरसा?

मी गणवेशांच्या गडबडीनंतर येतो. इथलंही काम तोवर आटपेल.

छोट्या

१८ ऑगस्ट

छोट्या,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. गणवेशांनी जीव खाल्ला. सकाळी मशीनला लागते ती संध्याकाळी हे परत आल्यावरच बाजूला होते. एवढे खिसे शिवले आहेत की आता झोपेतही खिसेच दिसतात. पण काम चाललंय. लोक पुन्हा दुकानात येतात, "बाई, आमचं कधी देता" विचारतात. वर्षभर लोक मला फक्त "कशी आहेस" विचारत होते.

सोबत फोटो. शेजारच्या फोटोवाल्याने काढला. मी जरा कलल्यासारखी दिसते, पण त्याच्यावर जाऊ नकोस, त्याने गिऱ्हाइकांची लग्नंसुद्धा तिरकी काढली आहेत.

परवा एक बाई मुलाचा गणवेश न्यायला आली. नाकाला रुमाल लावून दारातच उभी. मी म्हटलं या, पोराच्या अंगाला लावून बघू. म्हणाली नको, असाच द्या. सर्दी होती वाटतं तिला. माझंही अंग संध्याकाळी जरा कोमट असतं. हवा बदलते आहे.

ह्यांना विचारलं, दुकानात कसला वास येतो का? हे म्हणाले, "मला विचारतेस?" आम्ही दोघं खूप हसलो.

अंग उचलते. आरसा बघते. सगळं ठीक आहे. तू ये, पण घाईने येऊ नकोस.

ताई

२४ ऑगस्ट

ताई,

पत्र मिळाल्याबरोबर खुर्चीतून उतर. आधी उतर, मग पुढचं वाच. फोन केला तर तू "ठीक आहे" म्हणशील आणि मला तेही धड ऐकू येणार नाही, म्हणून लिहितो.

फोटो मी बाईंना दिला, पत्रही वाचून दाखवलं. त्यांनी तो खिडकीपाशी नेला. मग मला जवळ बोलावून बोट ठेवलं. तुझा डावा खांदा खाली गेला आहे. तुझी उजवी मांडी आणि पत्रा ह्यांच्यामध्ये काहीतरी गुंडाळलेलं खुपसलं आहे, आणि तरीही वर जागा उरली आहे. फोटोवाला तिरका नाही ताई, तू तिरकी आहेस. खुर्ची तुला मोठी आहे. खूप मोठी. मोठ्या खुर्चीत माणूस एका बाजूला पडतो आणि सगळं वजन एकाच हाडावर येतं.

बाईंनी विचारलं, "हे माप तू घेतलंस?" मी खरं सांगून टाकलं. त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "सर्दी नव्हती त्या बाईला. लगेच कळव."

माप कसं घेतलंस? फळ्यांमधलंच लिहिलंस ना? आत काय ठेवलं आहेस? जखम आहे का? किती मोठी? दाजींना हे पत्र वाचायला दे. मी तुला ओळखतो, देणार नाहीस, पण दे. आजच इस्पितळात जा आणि पालथी झोप. गणवेश गेले खड्ड्यात.

मी नवी अरुंद खुर्ची करायला घेतली आहे. ती घेऊनच येतो, म्हणजे तुला एक दिवसही खुर्चीशिवाय राहावं लागणार नाही. थोडे दिवस दम धर.

छोट्या

२ सप्टेंबर

छोट्या,

अक्षर ह्यांचं आहे, बोलणं माझं. इस्पितळात पालथी आहे. तोंड एका बाजूला करून बोलते आणि हे लिहितात, तेव्हा चुका ह्यांच्या.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दुकानात खाली घसरले होते, ह्यांनी उचललं तर अंग तापलेलं. तुझं पत्र ह्यांनीच फोडलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सगळं सांगते.

तू विचारलंस, माप कसं घेतलं. फळ्यांमध्ये जेवढं आलं तेवढंच टेपवर बघितलं. मग कागदावर लिहिताना दोन्हीकडे दोन-दोन बोटं सैल धरली. कुणी सांगितलं नव्हतं. हातच तसा वळलाय. अंगाच्या मापाला कुणी कपडा कापतं का? माणसाला बसायला, उठायला, श्वास घ्यायला जागा लागते. तू वरून बोटभर धरलंस हे तुझ्या पत्रात वाचलं तेव्हाच माझ्या लक्षात आलं, पण तोवर खुर्ची गाडीत चढली होती.

पहिल्याच दिवशी बसले तर दोन्हीकडे हात जात होता. मी शिंपीण, मला नाही कळणार? पण तू लिहिलं होतंस की सगळ्यांत उजवी. एकेक जोड दोनदा घासला. त्यावर मी काय लिहू, उसवून दे? माझ्या दुकानातून अशा बायका मी हाकलल्या आहेत रे. म्हणून दिलेलं अंगाला बसवून घेतलं. कॅनव्हासच्या कात्रणांची घट्ट वळकटी शिवली, दुहेरी टीप मारून, आणि उजवीकडे खुपसली. तीच माझी कारागिरी. ती सरकत सरकत खाली गेली आणि तिची शिवण अंगाखाली आली. दुसऱ्या कुणाला टोचली असती. मी तिच्यावर बसून खिसे शिवत राहिले.

(इथे मी पेन खाली ठेवलं होतं. ती म्हणाली लिहा.)

डाग जुलै संपताना आरशात दिसला. लाल, नाण्याएवढा. तेव्हाच कळलं काय आहे ते, तू लिहून ठेवलंच होतंस. पण सांगितलं असतं तर सगळ्यांनी मिळून मला खाटेवर टाकलं असतं, महिनोन् महिने. मी एक वर्ष भिंत बघितली होती छोट्या. पुन्हा बघायची नव्हती. वाटलं, गणवेश होऊ देत, मग सांगू. मग फडकी ठेवायला लागले. रोज नवं फडकं. दुकानात फडक्यांना काय तोटा. ह्यांना वास येत नाही हे मला माहीत होतं. त्याचा फायदा घेतला, हे ह्यांच्याच हाताने लिहून घेते आहे.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझी खुर्ची चांगलीच होती. त्या दीड-दोन महिन्यांत मी जेवढी जगले तेवढी त्याआधीच्या वर्षात नव्हते. हे मी तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही.

काल ह्यांनी पुन्हा फळ्या धरून माप घेतलं, झोपल्या झोपल्या. खाली लिहिलं आहे. या वेळी सैल धरलेलं नाही. आकडा बघून तुला वाटेल चुकला. चुकलेला नाही, मी तेवढीच उरले आहे. घट्ट कर. आणि रंग हिरवा नको.

ताई

९ सप्टेंबर

वरचं तिने सांगितलं तसं उतरवलं. पाकीट माझ्या खिशात राहिलं. इस्पितळातून पोस्टापर्यंत जायला सवड झाली नाही. जखम हाडापर्यंत गेली होती. डॉक्टर म्हणाले विष रक्तात भिनलं. काल दुपारी ती गेली. शेवटचे दोन दिवस ओळखत नव्हती, बोटं मात्र चादरीवर चालत होती, टीप घातल्यासारखी.

मला पत्र लिहिता येत नाही. तिने सांगितलं ते लिहिलं, आता माझं लिहितो.

तुम्ही दोघं कारागीर. तू तिच्या मापाला शंका घेतली नाहीस, तिने तुझ्या खुर्चीला नाव ठेवलं नाही. एकमेकांची मनं राखत बसलात. मी त्याच घरात होतो. रोज सकाळी तिला उचलून त्या खुर्चीत मीच ठेवत होतो. मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. ती म्हणायची, तोंड तिकडे करा, कपडे मी नीट करते. मी तिकडे करायचो. भिंतीला कुठे ओल आलीय ते मला रस्त्यावरून दिसतं, आणि हे दिसलं नाही. वास आला नाही.

तुझ्यावर राग आहे. खोटं लिहीत नाही. तू फोटो बघून पत्र टाकलंस, गाडीत बसला नाहीस. पण राग कुणावर करू, तूच एक उरला आहेस जो तिला माझ्याइतका ओळखत होता. घरात तिच्याबद्दल बोलायला कुणी नाही. लोक येतात, गणवेश मागतात. कुठला कुणाचा ते मला कळत नाही, मी ढीगच समोर ठेवतो, ते शोधून घेतात. खुर्ची मशीनला लावलेली आहे. माझ्याने ती हलवत नाही आणि बघवतही नाही.

नवी खुर्ची करत असशील तर थांब. ती पूर्ण होण्याची वाट बघू नकोस. सुट्टी मिळते की नाही विचारू नकोस. याचं उत्तर लिहू नकोस.

ये.